मोबाईलवर खापर फोडणं पुरे

'मोबाईलने फोटो स्टुडिओ संपवले' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे आरोपीच्याच घरातला. तरी बोलणार.

आजीचं माहेर सांगली. लग्नाआधी 'दाखवायला' काढलेला तिचा एकुलता एक फोटो साताऱ्याच्या घरात वाळवीने खाल्ला. मागे शिक्का शिल्लक होता, म्हणून स्टुडिओ शोधत सांगलीला गेलो. गल्ल्यावर तिसरी पिढी. काका म्हणाले, "निगेटिव्ह होत्या रे, आजोबांपासूनच्या सगळ्या. 2019 ला पाणी आलं."

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. पाणी ओसरल्यावर काकांनी निगेटिव्हची पाकिटं गच्चीवर उन्हात वाळत घातली. घात इथे झाला. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो आणि तसाच वाळला की पाकिटाला चिकटून बसतो. तीच निगेटिव्ह ओलीच ठेवून, दोनेक दिवसांत स्वच्छ गार पाण्यात धुऊन, सुटी सुटी टांगली तर बऱ्याचदा वाचते. एवढी साधी गोष्ट, पण काकांना कुणी सांगितली नव्हती. पंचनाम्यात कॅमेरा आला, फर्निचर आलं. निगेटिव्हला रकानाच नव्हता.

आता सांगा, यात मोबाईल कुठे आला?

धंदा बसला, मान्य. धंदे बसतात. डिजिटल कॅमेरा 1975 साली कोडॅकच्याच इंजिनिअरने बनवला आणि 2012 मध्ये कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. पण धंदा जाणं वेगळं, गावाचं दप्तर जाणं वेगळं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या हॅमिल्टन स्टुडिओवर (1928 चा, सर व्हिक्टर ससूनने काढलेला, पुढे रणजित माधवजी आणि त्यांची मुलगी अजिता यांनी चालवलेला) लेख येतात, कारण तिथे बडे लोक बसले. हळदीच्या पेठेतला हमाल आणि भरतीला निघालेलं साताऱ्याचं पोर ज्या स्टुलावर बसलं, तिथे कोण येणार? आपण येतो, बंद शटरपुढे उभं राहून जुनाट फिल्टरची रील काढायला.

स्टुडिओवाल्यांनाही मी सोडणार नाही. चांदी निघते म्हणून काहींनी निगेटिव्ह भंगारात घातल्या. मागायला गेलं तर 'आमची मालमत्ता'. फिल्म तुमची असेल. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार गिऱ्हाईक असतं. म्हणजे माझी आजी, किंवा फोटोचे पैसे भरणारे पणजोबा.

काकांकडे रजिस्टरं मात्र वाचलीत, वरच्या फळीवर होती म्हणून. नंबर, नाव, तारीख, किती कॉप्या. आमच्या भाषेत इंडेक्स शाबूत, डेटा गेला. आजीचं माहेरचं नाव सापडलं, पुढे 'तीन कॉपी, पैसे पोचले'. मी तीन कॉप्यांचा हिशोब मांडून बसलोय. एक वाळवीने खाल्ली. एक कुठल्या तरी नकार दिलेल्या स्थळाकडे राहिली असणार. तिसरीसाठी पुढच्या रविवारी मिरजेच्या मावशीआजीची ट्रंक उघडायची आहे, आणि येताना काकांच्या रजिस्टरांची पानं स्कॅन करून आणायची आहेत. मोबाईलवरच.