शब्द कोठे तुटतो, हे कोणी सांगायचे?

मराठीच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त करणे हा आपल्याकडील एक प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार आहे. दरवर्षी 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, त्याला बहर येतो. आणि नाशिक ही त्या कवीची कर्मभूमी असल्याने येथे तो अंमळ अधिकच येतो. 'यंत्राला आपली भाषा कळत नाही' हे वाक्य अशा भाषणांत हमखास असते. माझी तक्रार एवढीच की हे वाक्य कधी पुरे केले जात नाही. यंत्राला नेमके काय कळत नाही? कोणत्या शब्दाशी ते अडते? ते दुरुस्त कोण करते आणि त्याला हे कोणी कळवले आहे काय? या प्रश्नांपाशी वक्ते थांबतात आणि सभा आभारप्रदर्शनाकडे वळते.

एक उदाहरण घेऊ. पायथन ही संगणकाची एक भाषा आहे. गुइदो व्हान रॉसम यांनी ती 1991 साली प्रथम प्रसिद्ध केली. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची संहिता कोणालाही वाचता येते, तीतील दोष कोणालाही कळवता येतो आणि दुरुस्तीही सुचवता येते. मजकुराचा अभ्यास करणारे, शब्दांची वारंवारता मोजणारे, कोशांसाठी सामग्री गोळा करणारे लोक आज मोठ्या प्रमाणावर हीच भाषा वापरतात. मजकुरातून शब्द वेगळे काढण्यासाठी तीत एक खूण आहे, बॅकस्लॅश-डब्ल्यू. या खुणेचा अर्थ 'शब्दात येऊ शकणारे चिन्ह' असा. पायथनच्या मूळ संचात अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढ्यांनाच तो मान मिळतो. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्ताची खूण ही युनिकोडच्या वर्गीकरणात अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत. म्हणून ती शब्दाबाहेर पडतात आणि जेथे ती पडतात तेथे शब्द तुटतो.

परिणाम पाहा. 'कविता' या शब्दाचे 'कव' आणि 'त' असे दोन तुकडे होतात. 'गोदावरी'चे 'ग', 'द' आणि 'वर'. 'कुसुमाग्रज' या नावाचे तर पाच तुकडे: 'क', 'स', 'म', 'ग', 'रज'. धड राहतात ते 'घर', 'कमळ', 'बदक' असले शब्द. बालवाचनाच्या पहिल्या पानावर काना-मात्रा नसलेले शब्द असतात; हे यंत्र त्या पानापुढे गेलेलेच नाही.

गोष्ट येथे संपत नाही. सायकिट-लर्न नावाचा पायथनमधील बहुवापराचा संच मजकुरातील शब्द मोजताना, वेगळी सूचना न दिल्यास, याच खुणेने शब्द वेचतो आणि एका चिन्हाचे तुकडे टाकून देतो. इंग्रजीत त्यामुळे फारसे बिघडत नाही. मराठीत काय होते? 'भाषा' हा शब्द नाहीसा होतो. 'साहित्य' नाहीसे होते. 'नाशिक' नकाशावरून जाते. 'कादंबरी'तून 'बर' उरते, 'समीक्षे'तून 'सम' आणि 'मराठी'तून 'मर'. यात माझी अतिशयोक्ती नाही. ज्याच्यापाशी संगणक आहे त्याने पाच मिनिटांत पडताळून घ्यावे. भयंकर भाग असा की यंत्र कोठेही अडत नाही. तक्ता निघतो, आलेख निघतो, टक्केवारीही निघते. एखाद्या कवीच्या शब्दकळेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ती आकडेवारी पडली आणि त्याच्या मार्गदर्शकाने आकड्यांपुढे मान तुकवली, की दोष ग्रंथालयात जाऊन बसतो. मग तो निस्तरणे संगणकाच्याही हाती राहत नाही.

हा दोष कोणाला ठाऊकच नव्हता काय? तसे नाही. 2007 साली पायथनच्या दोषनोंदवहीत तो नोंदवला गेला. देवनागरी मजकुराचे शब्द तुकडे होऊन निघतात, कारण काना वगैरे स्वरचिन्हे शब्दात धरली जात नाहीत, असा त्या नोंदीचा आशय होता. 2011 साली आणखी एका नोंदीने दाखवून दिले की युनिकोडचा स्वतःचा मार्गदर्शक दस्तऐवज जोडचिन्हांना शब्दात धरावे असे सांगतो. पर्ल ही भाषा तसे धरते. पायथनसाठीच वेगळा मिळणारा 'रेजेक्स' हा संचही तसे धरतो. तरीही मूळ नोंद दीड दशकाहून अधिक काळ उघडीच राहिली. 2022 साली सगळी नोंदवही गिटहबवर हलली, तेव्हा तीही सामानाबरोबर हलली.

येथे दोन पक्ष उभे राहतात आणि दोघांशीही माझे भांडण आहे.

पहिला पक्ष आपल्या अभियंत्यांचा. दोष दिसला की तो 'रेजेक्स' बसवतो किंवा देवनागरीचा पट्टा हाताने लिहून काम भागवतो, आणि गप्प राहतो. त्याचे काम झाले. पुढच्या माणसाला तोच खड्डा पुन्हा नव्याने सापडायचा आहे. या वृत्तीला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो. रस्त्यातला खड्डा चुकवून गाडी नेणाऱ्याला कोणी रस्तेबांधणीचे श्रेय देत नाही, हे मात्र विसरतो.

दुसरा पक्ष आपला, म्हणजे भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांचा. 'हे तांत्रिक काम आहे, आमचा प्रांत नव्हे' असे तो म्हणतो. माझ्या मते हा प्रांत त्याचाच आहे. वादाचा मुद्दा 'शब्द म्हणजे काय?' हा आहे, आणि त्याचे उत्तर अभियंत्याने व्याकरणाच्या अभ्यासकाला विचारायचे असते. 'घरासमोरच्या' हा एक शब्द की तीन? 'हळूहळू' आणि 'हळू-हळू' यांत यंत्राने भेद करावा काय? 'वाऱ्यावर'मधला अर्धा र टंकताना काही जण मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतात, तेव्हा शब्द तेथे तुटू द्यावा काय? 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन तेच लिहीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी, यंत्राला निराळी. एका रूपाने शोधले तर दुसरे सापडत नाही. या रूपांना एक मानावे की दोन, हा निर्णय लिपीच्या इतिहासाचा आहे. तो आपण दिला नाही, तर ज्याला मराठी येत नाही असा कोणीतरी तो देईल, आणि तो दोषीही नसेल.

शिवाय दोषनोंद लिहिणे ही कला आपल्या अभ्यासक्रमात जुनीच आहे. चांगल्या नोंदीत काय असते? कोणती आवृत्ती वापरली ते, दोष दाखवणारे लहानात लहान उदाहरण, काय मिळाले, काय मिळायला हवे होते, आणि तसे हवे असण्याचा आधार. पाठचिकित्सा याहून वेगळी काय असते? नाशिकहून खाली वाहत गेलेल्या गोदेच्या काठी, पैठणला, एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. प्रती ताडून पाहिल्या, अपपाठ काढले आणि पुढच्यांनी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घुसडू नयेत असेही बजावले. ज्ञानेश्वरी भ्रष्ट झाली म्हणून नुसता शोक करीत ते बसले असते, तर आज आपल्यापाशी तो शोकच उरला असता.

यावर कोणी म्हणेल, नोंद करूनही इतकी वर्षे काही झाले नाही, मग उपयोग काय? आक्षेप गंभीर आहे. खुणेचा अर्थ बदलला तर जगभर चालू असलेले जुने कार्यक्रम बिघडू शकतात, ही देखभाल करणाऱ्यांची भीती खोटी नाही. त्यांतील पुष्कळ जण हे काम स्वयंसेवेने करतात आणि देवनागरी वाचणारा त्यांच्यात विरळाच. एका साक्षीदाराच्या जबानीवर ते जुना व्यवहार मोडणार नाहीत, आणि मोडूही नये. म्हणूनच नुसत्या तक्रारीच्या पुढे जायला हवे. तपासलेल्या शब्दांच्या याद्या, अपेक्षित तुकडे, अपवाद, तेच हिंदीत, नेपाळीत आणि कोकणीत कसे घडते याचे दाखले, आणि जुने न मोडता नवा पर्याय कसा देता येईल याची सूचना, एवढे पुरवावे लागेल. तमिळ आणि बंगालीच्या स्वरचिन्हांची गतही हीच; त्यांचे अभ्यासक या कामात आपले सहकारी होऊ शकतात.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, मिरवणुका निघाल्या. पण दर्जा दिल्लीहून मिळतो; शब्द अखंड राहण्याची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून सांभाळणाऱ्या आणि मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या नाशिकला तरी हे अवघड वाटू नये. पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाकाठी एक दोष शोधावा, तो पडताळावा, वाचणाऱ्याला मराठी येत नाही हे गृहीत धरून नेमक्या इंग्रजीत लिहून पाठवावा, आणि त्याला त्याचे गुण मिळावेत. चर्चासत्रांच्या स्मरणिकांपेक्षा हे काम स्वस्त आहे. वीस विद्यार्थ्यांचा एक वर्ग वर्षाला वीस दोष नोंदवील. त्यांतले पाच जरी दुरुस्त झाले, तरी पुढच्या 27 फेब्रुवारीच्या भाषणात सांगण्यासारखे काहीतरी असेल.