सिनेमात जायचंय? मग आधी मालगुंडातच दोन वर्षं काढा

‘मराठी चित्रपटासाठी नवे चेहरे हवेत, अनुभवाची अट नाही.’ अशी जाहिरात मोबाइलवर आली नाही असा तरुण आज मालगुंडात सापडणार नाही आणि जाकादेवीतही नाही. फोटो पाठवला की तासाभरात ‘निवड झाली’ असा निरोप येतो. मग हळूहळू आकडे येऊ लागतात. आधी नोंदणी, मग कॉस्च्युम, मग ‘आर्टिस्ट कार्ड’. आंब्याच्या हंगामात हाती आलेले पैसे असे जातात आणि लाजेपोटी घरात कुणी बोलत नाही.

नियम साधा आहे. या धंद्यात कामाचे पैसे कलाकाराला मिळतात, तो देत नाही. कास्टिंग करणाऱ्याचं मानधन निर्माता देतो. तुमचा खर्च स्वतःचे फोटो आणि प्रवास एवढाच. ऑडिशनसाठी, निवडीसाठी किंवा ‘भूमिका पक्की करण्यासाठी’ जो पैसे मागतो, त्याच्याकडे भूमिकाच नसते. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणि ऑडिशनसाठी हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जायचंच नाही, मुलगी असो वा मुलगा.

मग सुरुवात करायची कुठून? माझं मत विचाराल तर गावातूनच.

इथे कुणीतरी ‘सैराट’चं नाव काढतंच. अकलूजच्या रिंकू राजगुरूला दिग्दर्शकाने शाळकरी वयात हेरलं, 2016 मध्ये चित्रपट आला आणि राष्ट्रीय पुरस्कारांतही तिची दखल घेतली गेली. सगळं खरं. पण नागराज मंजुळे यांना त्या मातीतली, तशी बोलणारी मुलगी हवी होती. दिग्दर्शक आपल्या दारात येईल या भरवशावर कुणी वर्षं काढू नयेत.

त्यापेक्षा आपल्याकडे काय आहे ते बघा. शिमग्यात नमन-खेळे होतात. मृदंगाच्या ठेक्यावर गण-गवळण, मग सोंगं, मग वग. इथे रिटेक नाही. वाक्य विसरलात तर समोरची म्हातारी मोठ्याने सांगते! चिपळूणच्या ओंकार भोजने यांना ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने घराघरांत नेलं, तेव्हा कोकणातली बोली त्यांच्या आड आली नाही, उलट उपयोगी पडली. ‘वस्त्रहरण’ लिहिणारे गंगाराम गवाणकर आपल्याच जिल्ह्यातल्या माडबनचे. त्या नाटकाचा विषयच मुळी गावात नाटक बसवताना उडणारी तारांबळ.

नमनाच्या जोडीला नाटक हवं. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रत्नागिरीत होते. कॉलेजात असाल तर मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवातली एकांकिका आहे. भूमिका नाही मिळाली तर प्रॉम्प्टिंग करा, प्रकाशयोजनेला हात लावा, पण तालीम चुकवू नका. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय प्रवेशासाठी पदवीबरोबर किमान सहा नाटकांचा अनुभव मागतं. आरेवारेचा रस्ता धरून रोज संध्याकाळी तालमीला जाणाऱ्याचे ते सहा प्रयोग इथेच होऊन जातात. पुण्यात ललित कला केंद्र आणि एफटीआयआय, मुंबईत विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, हे पुढचे रस्ते. तिथल्या प्रवेश परीक्षेतही तुम्ही आजवर काय केलंत हे दिसतंच.

एक अडचण मात्र आहे. नमनात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला लागतो, कॅमेरा हातभर अंतरावर असतो. तिथे भुवई उडवली तरी जास्त होतं. याचा सराव मोबाइलवर होतो, आणि हल्ली पहिली ऑडिशनही बहुधा मोबाइलवरच मागवतात. फोन आडवा ठेवा, मागे कोरी भिंत, तोंडावर खिडकीचा उजेड. नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा सांगा, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा, मग प्रसंग करा. समोरच्याचे संवाद वाचायला कुणाला तरी कॅमेऱ्यामागे बसवा. समुद्रावर जाऊन शूट करू नका. चित्र सुंदर येतं, पण वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत. आणि फिल्टर अजिबात नको, त्यांना तुमचा खरा चेहरा बघायचा असतो.

आता पैशाचं. मालिकेत काम मिळालं तरी मानधन साधारण 90 दिवसांनी हाती येतं. म्हणजे पहिलं काम मिळाल्यावरही तीन महिने भाडं आणि डबा स्वतःच्या खिशातून. मुंबईला निघण्यापूर्वी सहा-आठ महिन्यांची शिल्लक आणि पोटापाण्याचं दुसरं काम हवं. डबिंग, शिकवण्या, दुकानात हिशेब, काहीही. चिपळूणचे काशिनाथ घाणेकर रंगभूमीवर आले तेव्हा त्यांच्या हाती दंतवैद्यकाचा व्यवसाय होता, हे त्यांच्या टाळ्या-शिट्ट्या आठवणारे विसरतात.

आईवडिलांनाही एक सांगायचं आहे. ‘हे खूळ सोड’ म्हटलं की मूल गुपचूप त्या जाहिरातवाल्याला फोन करतं. त्यापेक्षा यंदाच्या स्पर्धेची तालीम कुठे चालू आहे ते विचारा, आणि एखाद्या संध्याकाळी स्वतः जाऊन मागच्या खुर्चीवर बसा.