समुद्रदर्शनाचा बेत

दसरा ओसरला आणि घरोघर फराळाची भाषा सुरू झाली, म्हणजे दिवाळीच्या सुटींत कोठें जावें हा प्रश्नही जेवणाच्या पंक्तींत हळूच येऊन बसतो. आमच्या जालना जिल्ह्यांतील कुटुंबांत त्याचें उत्तर पूर्वीं बहुधा ठरलेलें असे : माहूर, तुळजापूर, अंबाजोगाई, नाहीं तर पंढरपूर. आतां दारांत मोटार आली, रस्ते सुधारले, आणि मुलांच्या तोंडीं समुद्राचें नांव आलें. ही इच्छा अगदीं स्वाभाविक आहे. ज्या भागांत टँकरची वाट पाहत उन्हाळे काढावे लागतात, तेथील मुलांस अथांग पाणी पाहावेंसें वाटलें तर नवल काय? परंतु या आठवड्याच्या प्रवासाचा बेत ज्या रीतीनें केला जातो, तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

रीत अशी कीं, एखाद्या संध्याकाळीं घरांतील तरुण मंडळी नकाशा उघडून बसते. अलिबाग, मुरुड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळें, मालवण अशीं नांवें एकाखालीं एक लिहिलीं जातात. सात दिवस आणि सात गांवें हा हिशेब फार सोयीचा वाटतो. मग गाडींतील जागा मोजतात, आणि मोजतां मोजतां कोणी तरी म्हणतें, “आजीला इतका प्रवास झेपेल का?” आजीही तत्परतेनें म्हणते, “मला कशाला रे ओढतां? तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतें.” सर्वांस हायसें वाटतें आणि विषय संपतो. आमच्या मतें खरा विषय तेथेंच सुरू होतो. जी बाई पन्नास वर्षें या घराची चूल सांभाळीत आली, तिनें समुद्र पाहिला आहे काय, हें त्या बैठकींत कोणींच विचारलेलें नसतें. तिचा तो नकार पुष्कळदां इच्छेचा नसून संवयीचा असतो.

चूक कोठें होते तें पाहा. बेत आधीं ठरतो आणि त्यांत बसतील तितकीं माणसें मागून घेतलीं जातात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा क्रम उलटा करावा. माणसें आधीं ठरवावीं, आणि त्यांतील जें सर्वांत वृद्ध किंवा अशक्त असेल त्याच्या शक्तीनें मुक्काम मोजावे. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हां तिचे मुक्काम काय धावणाऱ्यांसाठीं ठरलेले असतात? चालणाऱ्या म्हाताऱ्यासही विसाव्यापर्यंत पोंचतां यावें, हेंच दिंडीचें शहाणपण. मोटारीच्या प्रवासासही तेंच लागू आहे.

समुद्राकडे जाण्याची ही वाट आपणांस वाटते तितकी परकीही नाहीं. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणांतील अनेक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी. तिच्या दर्शनास तीं कुटुंबें घाट चढून पिढ्यान् पिढ्या मराठवाड्यांत येत आलीं आहेत. उलट दिशेनें मात्र आपलें जाणें थोडें झालें. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यांत आणि रत्नागिरी-कुलाबा इंग्रजी मुलखांत, हें त्याचें एक कारण असावें. कोंकणचीं माणसें लेंकरांबाळांसह एवढा घाट चढून आलीं, तर आपण तो उतरण्यास भिण्याचें कारण नाहीं.

आतां प्रत्यक्ष आंखणी पाहूं. प्रथम दिवस कोणते निवडावे? आश्विनांत परतीच्या पावसाचा भरंवसा नसतो, आणि शेतीवाडीच्या घरीं सोयाबीनची मळणी असते. भाऊबीज झाल्याशिवाय लेकी-सुना मोकळ्या होत नाहींत, आणि प्रबोधिनी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नास घरीं असणें भाग असतें. म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीस निघावें आणि एकादशीस परत यावें, हे सात दिवस जणूं पंचांगानेंच राखून ठेवले आहेत. मात्र दिवाळीच्या सुटींत कोंकणांत गर्दी फार असते, यास्तव राहण्याची सोय दसऱ्यापूर्वींच ठरवावी.

वाटा दोन. समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील आमणेपर्यंत संपूर्ण, म्हणजे ७०१ किलोमीटर, खुला झाला आहे आणि तो जालन्यावरूनच जातो. ती वाट वेगाची खरी. परंतु तेथून पुढें भिवंडी-कल्याणची वर्दळ आणि मग मुंबई-गोवा मार्ग, असा दुसरा प्रवास नव्यानें करावा लागतो. दुसरी वाट छत्रपति संभाजीनगर, अहिल्यानगर यांवरून पुण्यास, आणि तेथून ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरणारी. वृद्धांसह जाणाऱ्यांस आम्ही ही दुसरी सुचवूं, कारण तिचे दोन तुकडे पडतात : पहिल्या दिवशीं पुण्यापर्यंत सुमारें ३०० किलोमीटर, दुसऱ्या दिवशीं पुण्याहून हरिहरेश्वरापर्यंत सुमारें पावणेदोनशें. पुण्यांत ज्याचा एकही नातलग नाहीं असें घर आपल्याकडे विरळाच. तरी दहा माणसांनीं न कळवितां कोणाच्या दारांत उभें राहूं नये. मुक्काम धर्मशाळेंत वा लॉजमध्यें करावा आणि नातलगांकडे भेटीपुरतें जावें. त्यानें स्नेह टिकतो.

रात्रीं गाडी चालवूं नये, हा नियम मात्र कोणत्याही वाटेवर मोडूं नये. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर समृद्धि महामार्गावर, आपल्या शेजारच्या सिंदखेडराजानजीक, एका प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसें दगावलीं. सरळ व एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्यास क्षण पुरतो. पहांटे निघावें, आणि दिवेलागणीच्या आंत मुक्कामीं पोंचावें. घरांतील एकच तरुण सात दिवस गाडी हांकणार असेल, तर त्याची सुटी झाली असें कोणीं समजूं नये. दहा-बारा माणसें असल्यास चालकासह एक मोठी गाडी भाड्यानें घेणें अधिक सुखाचें.

दुसऱ्या दिवशींच्या संध्याकाळपासून हरिहरेश्वरीं दोन पूर्ण दिवस राहावें. हें पेशव्यांचें कुलदैवत, आणि जवळच श्रीवर्धन हें त्यांचें मूळ गांव. तेथील बाळाजी विश्वनाथ भट १७१३ सालीं पेशवे झाले, आणि त्यांच्या पुत्रानें, पहिल्या बाजीरावानें, १७२८ सालीं आपल्याच भागांत, वैजापूरजवळच्या पालखेडला, निजामास कोंडींत धरलें. समुद्रकांठचें हें लहानसें गांव आणि आपला वैजापूर तालुका यांचा असा संबंध मुलांस तेथें उभें राहून सांगावा. पुस्तकांतला धडा त्यांस पुन्हा पाठ करावा लागणार नाहीं.

पांचव्या दिवशीं बागमांडल्याहून वेसवीपर्यंत सावित्रीची खाडी ओलांडावी. तेथें माणसांसह मोटारीही नेणारी फेरीबोट आहे. तिनें रस्त्याचा मोठा वळसा चुकतो, आणि मुलांस तर सर्व प्रवासांत तीच अधिक आवडते. पुढें केळशीची महालक्ष्मी आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपति करून दापोली तालुक्यांतील मुरुडास उतरावें. येथें सावध करणें जरूर आहे : जंजिऱ्याचें मुरुड रायगड जिल्ह्यांत, हें मुरुड रत्नागिरी जिल्ह्यांत. फोनला नुसतें ‘मुरुड’ सांगितलें तर तो कोठें नेईल याचा नेम नाहीं. या मुरुडांत महर्षि धोंडो केशव कर्वे वाढले. परीक्षेसाठीं हा मुलगा येथून घाट चढून साताऱ्यास पायीं गेला, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्याच मुलानें पुढें १९१६ सालीं भारतांतलें पहिलें महिला विद्यापीठ उभें केलें. सहाव्या दिवशीं पुणें आणि सातव्या दिवशीं घर. त्या दिवशीं एकादशी असल्यानें वाटेंत जेवणाच्या शोधांत वेळही जात नाहीं. केळीं, शेंगदाण्याचे लाडू आणि ताक एवढ्यावर जालना गांठतां येतें.

अशा रीतीनें सात गांवांचीं दोनच मुक्कामाचीं गांवें उरलीं. तरुणांस हें थोडें वाटेल. परंतु समुद्र हा यादींतील खूण करून पुढें जाण्याचा पदार्थ नव्हे. तो सकाळीं एक आणि संध्याकाळीं दुसरा असतो, आणि तें कळण्यास एका जागीं बसावें लागतें.

याच कारणास्तव प्रवासांत पंचांग बरोबर असूं द्यावें. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा कीं, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. वद्य पक्षांतही प्रतिपदेपासून पुन्हा मोजावें. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशीं सकाळीं व संध्याकाळीं सहाच्या सुमारास भरती, आणि मधें बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस येतें तें उधाण. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, तिचा चढउतार कमी. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा समुद्राला लागून असलेल्या खडकांवरून जाते आणि ती ओहोटीच्याच वेळीं करतां येते. आपल्या बेतांत चौथा दिवस अष्टमीचा. तेव्हां ती दुपारीं बाराच्या सुमारास करावी. हा हिशेब स्थूल आहे, अर्धा-पाऊण तास मागेंपुढें होतो. म्हणून तेथील पुजाऱ्यास किंवा कोळ्यास विचारल्याविना एकही पाऊल टाकूं नये, आणि वृद्धांनीं तीं पायऱ्यांची वाट न धरतां देवळांतूनच नमस्कार करावा. पठारावरील आपण विहिरींत पोहलेलीं माणसें. विहिरीचें पाणी माणसास ओढीत नाहीं, ओहोटीचें ओढतें. मुलांनीं चढत्या भरतींत, गुडघाभर पाण्यांत, मोठ्यांच्या नजरेसमोरच खेळावें.

घरांतील स्त्रियांविषयींही एक सूचना. सहलीस जातांना स्टोव्ह, डबे आणि तांदूळ बरोबर घेऊन तेथेंही त्यांनाच स्वयंपाकास बसविणें म्हणजे चूल दोनशें कोसांवर नेऊन पेटविणें होय. कोंकणांत घरगुती जेवणाची सोय उत्तम असते. उकडीचे मोदक, आंबोळ्या, कुळिथाचें पिठलें यांची चव सुनांनींही पाटावर बसूनच घ्यावी. भाकरीविना ज्यांस चैन पडत नाहीं त्यांच्यासाठीं थोडें ज्वारीचें पीठ आणि वाटेसाठीं धपाटे व दशम्या एवढें पुरे. वृद्धांचीं औषधें दोन ठिकाणीं विभागून ठेवावीं, त्यांचा कागद सोबत घ्यावा, घाटापूर्वीं भरपेट जेवण टाळावें, आणि दर दोन तासांनीं, कोणी मागितलें नाहीं तरी, गाडी थांबवावी. म्हातारीं माणसें अडचण सांगत नाहींत; ती विचारणाऱ्यानेंच ओळखावी लागते.

अर्थात् घरीं कोणी तरी राहणें खरोखरच भाग असूं शकतें. कपाशीची वेचणी चालू असते, गोठ्यांत जनावरें असतात, देवांची पूजा असते. मग राहणाराची पाळी लावावी, आणि यंदा जो राहील त्याचें नांव पुढील वर्षीं पहिलें लिहावें. ही पाळी दर वर्षीं आपोआप त्याच एका माणसावर येत असेल, तर ती पाळी नव्हे.

यंदा नकाशा उघडण्यापूर्वीं आजीजवळ जाऊन बसावें. “येशील का?” असें न विचारतां “तुला किती वेळ गाडींत बसवतें?” असें विचारावें. पहिल्या प्रश्नास ती नाहींच म्हणेल. दुसऱ्याचें उत्तर तिला विचार करून द्यावें लागेल, आणि तें मिळालें म्हणजे बेत आंखावयास बसावें.