गणिते संपली, आता फळा पूस!

हुशार मुलांची आठवण आपल्या समाजाला निकालाच्या हंगामात येते. बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊन बरीच वर्षे लोटली, तरी पेढा भरवतानाचे छायाचित्र काही वर्तमानपत्रांतून गेलेले नाही. आठवडाभर कौतुक होते आणि विषय मिटतो. शिक्षणशास्त्रात मात्र या विषयावर स्वतंत्र परिषदा भरतात. पहिली जागतिक परिषद १९७५ मध्ये लंडनला झाली. तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी जगभरचे अभ्यासक आणि शिक्षक एकत्र येतात. त्यांच्या चर्चेतला सर्वांत जुना प्रश्न एकच आहे : प्रज्ञावंत म्हणायचे कोणाला?

वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील शाळांमधून बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे मुले निवडायला सुरुवात केली. अशी सुमारे दीड हजार मुले निवडली गेली आणि त्यांच्या आयुष्याचा पुढे अनेक दशके मागोवा घेण्यात आला. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुले मात्र या निवडीत बसली नाहीत. शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल एकालाही नाही! म्हणून चाचण्या निरुपयोगी ठरत नाहीत. पण चाचणीत न बसलेल्या मुलाकडे पाठ फिरवणे किती महागात पडू शकते, ते यावरून कळते.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. खेड्यातील हुशार मुलांसाठी राज्याने साठच्या दशकात शासकीय विद्यानिकेतने काढली. नवोदय विद्यालयांच्या योजनेतील पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, हे त्या योजनेचे मोठे शहाणपण. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा मात्र २०२१ मध्ये थांबवण्यात आली, आणि त्याची फारशी खंत कोणाला वाटलेली दिसली नाही. वाटली असेल तर ती बहुधा क्लासवाल्यांना. कारण प्रज्ञेचा शोध घेणाऱ्या परीक्षेचेही क्लास निघतात. मग ती परीक्षा मुलाची बुद्धी किती आणि बापाचा खिसा किती मोजते, हे सांगणे अवघड होऊन बसते.

पण शोध हा निम्माच भाग झाला. मूल सापडले, पुढे काय? नेहमीच्या वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. बाईंनी दिलेली दहा गणिते एका मुलीने दहा मिनिटांत सोडवली. बाकीचा वर्ग तिसऱ्या गणितावर आहे. बाई तिला काय सांगतात? फळा पूस, वह्या गोळा कर, नाहीतर हाताची घडी घालून गप्प बस. बाईंचा दोष नाही. साठ मुले, संपवायचा अभ्यासक्रम आणि वर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे. मुलगी मात्र वर्षभरात एक धडा पक्का शिकते : लवकर संपवण्यात काही फायदा नाही.

गंमत अशी की, आपल्या द्विशिक्षकी शाळांत या प्रश्नाला नकळत एक वाट सापडते. एकाच खोलीत दुसरी आणि चौथी बसलेली असते. दुसरीतला चुणचुणीत मुलगा आपले काम आटोपून चौथीचा भागाकार ऐकत राहतो आणि एक दिवस उत्तर तोच देतो. परिषदांमध्ये मुलाला त्याच्या गतीने पुढे जाऊ देण्यावर निबंध वाचले जातात. इथे ते शिक्षकांच्या तुटवड्यामुळे घडते. अर्थात गुरुजींना दोन खोल्यांतून सवड मिळाली, तरच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या मुलांची स्वतंत्र दखल आहे. बी. एड.मध्ये त्यांच्या शिक्षणाचे विशेष प्रशिक्षण ठेवता येईल, असेही त्यात म्हटले आहे. ‘ठेवता येईल’, ‘ठेवावे’ नव्हे. तोवर पालकांनी आपल्या मुलाच्या शाळेतील पुढच्या पालकसभेत एवढेच विचारून पाहावे, की वर्गाच्या आधी काम संपवणाऱ्या मुलाला तुम्ही पुढे काय देता? बहुतेक ठिकाणी मोठ्या कौतुकाने उत्तर मिळेल, ‘‘त्याला मॉनिटर केलंय ना!’’