बिलातले वाकडे ‘डी’

बेंगळुरूचे चामराजपेट छापखान्यांसाठी ओळखले जाते. अशा वस्तीतल्या एखाद्या कागदाच्या दुकानात बिले अजूनही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात. सुया फितीवर आपटतात, त्यामुळे खाली कार्बन घातला की एका दमात तीन प्रती तयार!

समजा, जुना प्रिंटर बंद पडला आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा आणला. खोक्यावर लिहिलेले, ‘एप्सन व आयबीएम दोन्हींप्रमाणे चालतो.’ पण पहिल्याच बिलात चौकटीच्या जागी वाकड्या ‘डी’ची रांग, कडेला वाकडे ३, आणि बेरीज छापील रकान्याच्या खाली. दुकानदार संगणकाला दोष देतो, संगणकवाला प्रिंटरला. खरे तर दोघेही निर्दोष असतात.

संगणक प्रिंटरला अक्षरांबरोबर आज्ञाही पाठवतो. बहुतेक आज्ञांच्या आधी २७ क्रमांकाचा ‘एस्केप’ हा इशारा असतो. १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीबरोबर विकलेला प्रिंटर मुळात एप्सनचाच होता. म्हणून दोघांच्या आज्ञा बऱ्याच सारख्या. पुढे आयबीएमने स्वतःचा प्रोप्रिंटर काढला आणि वाटा वेगळ्या झाल्या. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड; तसेच इथे झाले. शब्द तोच, अर्थ निराळा.

‘एस्केप ४’ म्हटले की एप्सन तिरकी अक्षरे छापू लागतो. आयबीएम मात्र कागद जिथे आहे तिथूनच नवे पान सुरू झाले असे समजतो. ‘एस्केप ए’ने ओळींमधले अंतर ठरते. एप्सन ते लगेच अमलात आणतो. आयबीएम लक्षात ठेवतो आणि ‘एस्केप २’ आल्यावर लागू करतो. एप्सनला ‘एस्केप २’ म्हणजे पुन्हा इंचाला सहा ओळी. म्हणून इंचाला आठ ओळींच्या हिशेबाने आखलेले चोवीस ओळींचे बिल तीन इंचांऐवजी चार इंच लांबते आणि बेरीज घसरते.

वाकड्या ‘डी’चे कोडेही सोपे आहे. आडव्या रेघेचा क्रमांक १९६, उभीचा १७९. एप्सनच्या तिरक्या अक्षरांच्या तक्त्यात मूळ क्रमांकात १२८ मिळवलेले असतात. १९६मधून १२८ गेले की ६८, म्हणजे ‘डी’. १७९मधून गेले की ५१, म्हणजे ३.

उपाय घरच्या घरी होतो. आधी बिलाचा प्रोग्राम कोणत्या प्रिंटरसाठी बसवला आहे ते पाहावे, मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तेच नाव निवडावे. एप्सन ठेवायचा असेल तर अक्षरांचा तक्ता ‘ग्राफिक्स’ करावा. पहिली चाचणी कोऱ्या कागदावर घ्यावी. छापील बिलबुके महाग असतात. इतके करूनही बेरीज हलली, तर प्रिंटर परत करण्याआधी माहितीपुस्तिकेतली आज्ञांची यादी मेकॅनिककडून तपासून घ्यावी. नक्कल करणारे प्रत्येक यंत्र मूळ यंत्राच्या सगळ्या आज्ञा पाळतेच असे नाही.