सरकार हवे, पण शेजाऱ्याच्या घरात!

आमच्या उर्दू शाळेच्या एका पालकसभेतला हा प्रसंग आहे. बोलता बोलता समान नागरी कायद्याचा विषय निघाला आणि एक बुजुर्ग उठून म्हणाले, "सर, हमारे घर के मामलात में हुकूमत का क्या काम?" सगळ्या सभेने माना डोलावल्या. मीही डोलावली. सभा संपली, चहा झाला आणि तेच बुजुर्ग हातात कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. मोहल्ल्यातल्या पोरांनी एक नाटक बसवले होते, त्यात मुलीही काम करणार होत्या. पोलिसांनी त्या नाटकाची परवानगी रद्द करावी, असा अर्ज त्यांना हवा होता. "आपकी मराठी अच्छी है, लिख दीजिए," म्हणाले. मी लिहून दिला नाही. तेव्हापासून आमचा संबंध सलाम-दुआपुरता उरला आहे.

त्यांना सनातनी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आपण आपल्या अंकांतून आणि संमेलनांच्या मांडवातून आजवर तेच करत आलो. सनातनी, प्रतिगामी, मूलतत्त्ववादी, जमातवादी हे सगळे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. तबलीगला जाणारा दुकानदार, जमाते इस्लामीचा कार्यकर्ता, देवबंदचा मौलवी, संघाचा स्वयंसेवक आणि परमिट-राजला शिव्या घालणारा व्यापारी, सगळे एकाच पोत्यात! यातून आपले नुकसान असे होते की कुणाशी कुठे भांडायचे आणि कुणाशी कुठे बोलता येईल, हेच आपल्याला कळत नाही. माझे म्हणणे असे की परंपरावाद्याला त्याच्या दाढीवरून किंवा शेंडीवरून ओळखू नका. त्याला एकच प्रश्न विचारा: बाबा रे, तुला सरकारकडून काय हवे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर राजाजींनी दिले. 1959 मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. राजाजी कर्मठ हिंदू होते, पण धर्माचे राज्य मागायला निघाले नव्हते. शेतकऱ्याची जमीन, व्यापाऱ्याचे दुकान आणि माणसाचे घर यांपासून सरकारने लांब राहावे, एवढेच त्यांचे मागणे होते. 'लायसन्स-परमिट राज' हा शब्द त्यांनीच रूढ केला. 1967 मध्ये या पक्षाचे 44 खासदार निवडून आले. 1974 मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला.

दुसरे उत्तर जनसंघाच्या घराण्याचे. तिथेही सगळे एका सुरात बोलत नव्हते. 1951 मध्ये जनसंघ निघाला तेव्हा करपात्री महाराजांची रामराज्य परिषद आधीपासूनच मैदानात होती. तिला हिंदू कोड बिल नको होते, कारण शास्त्रात सरकारने हात घालणेच तिला मंजूर नव्हते. 1965 च्या एप्रिलमध्ये दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. त्यांत राज्यसंस्था सर्वश्रेष्ठ नाही, धर्म तिच्या वर आहे, अशी मांडणी होती. आणि गोळवलकर गुरुजींनी 1972 मध्ये एका मुलाखतीत काय सांगितले? देशाच्या ऐक्यासाठी समान नागरी कायद्याची गरज नाही! आज त्याच घराण्यातल्या पक्षाच्या उत्तराखंड सरकारने 2024 मध्ये समान नागरी संहिता केली आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनाही सरकारदरबारी नोंदणी करायला लावली. राज्यसंस्था धाकटी आहे म्हणणाऱ्यांच्या वारसांनी सरकारला थेट माजघरात आणून बसवले.

आता आपल्या घरात पाहू. 1866 मध्ये देवबंदचे दारुल उलूम सुरू झाले. मौलाना कासिम नानौतवी यांनी त्यासाठी आठ उसूल घालून दिले. त्यांचा रोख असा होता की मदरसा गोरगरिबांच्या चंद्यावर चालावा, सरकार आणि अमीर-उमरावांचा त्यात शिरकाव नसावा. हाही परंपरावादच, पण सरकारकडे पाठ फिरवणारा. तबलीगवाल्यांना तर हुकूमत हा विषयच नको असतो. त्यांना नमाज दुरुस्त करायची असते.

मौलाना मौदूदींचे तसे नव्हते. 1903 मध्ये आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात जन्मलेल्या या विद्वानाने 1941 मध्ये लाहोरला जमाते इस्लामी स्थापन केली. त्यांचे ध्येय होते हुकूमत-ए-इलाहिया. सरकार दूर राहावे असे त्यांना वाटत नव्हते, ते हाती यावे असे वाटत होते. 1953 च्या पंजाबातील दंगलींनंतर न्यायमूर्ती मुनीर यांच्या चौकशीत त्यांना विचारले गेले, तुम्ही पाकिस्तानात इस्लामी राज्य आणाल, मग भारतात हिंदूंनी मनूचे कायदे लावून मुसलमानांना शूद्र-म्लेच्छ ठरवले तर? मौलानांचे उत्तर होते, आपली हरकत नाही. मित्रहो, तेव्हा भारतात कोट्यवधी मुसलमान राहत होते. तुमचे-माझे आजी-आजोबा त्यांत होते. त्यांचे नागरिकत्व एका वाक्यात सोडून देण्यात आले. मौदूदींचा तर्क मात्र पक्का होता. धर्माच्या नावाने सरकार ताब्यात घ्यायचा हक्क मी मागितला, तर शेजाऱ्यालाही तो द्यावाच लागतो.

आपल्या उलेमांनीही सरकारकडे नेहमीच पाठ फिरवली नाही. 1937 चा शरियत कायदा, मुस्लिम स्त्रीला फारकतीचा हक्क देणारा 1939 चा कायदा, शहाबानो निकालानंतरचा 1986 चा कायदा, हे सगळे सरकारच्या दारात जाऊनच मिळाले. 1939 ला मागितले ते बाईच्या सुटकेसाठी. 1986 ला मागितले ते तिची पोटगी आखडण्यासाठी. सरकारला बोलावण्याचे हे दोन प्रसंग सारखे नाहीत, आणि दोन्ही वेळा आपण 'दीन खतरे में' एवढेच म्हणत राहिलो तर आपल्याला फरक दिसणार कसा?

कुणी विचारील, मग गुरुजी, तुम्हाला राजाजींचे सरकार हवे काय? नको. माझा पगार अनुदानातून येतो. सरकार लांब गेले तर आमच्या वर्गातल्या बागवान, पिंजारी, तांबोळी, कुरेशी घरांतल्या मुली चौथीनंतर घरी बसतील. शिवाय राजाजी स्वतः सत्तेवर होते तेव्हा सरकार लांब ठेवत नव्हते. 1937 मध्ये त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. 1953 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना काढली. म्हणजे कुंभाराच्या पोराने मडकीच घडवायची. पेरियार आणि द्रमुकने रान उठवले, 1954 मध्ये राजाजी गेले आणि योजनाही गेली. माझ्यासारख्या मास्तराने हे विसरू नये.

पण त्यांच्या म्हणण्यातला एक तुकडा मला हवा आहे. 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. 2016 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाच्या खासगीपणाचा आधार न्यायालयाने घेतला. कुरेशी मोहल्ल्याचा धंदा त्याने वाचला नाही, पण पोलिसाला स्वयंपाकघरातले भांडे उघडण्याचा हक्क नाही, एवढे तरी ठरले. त्या दिवशी आपण सगळे खूश होतो. तोच खासगीपणा नाटकात काम करणाऱ्या आपल्या पोरीला द्यायची वेळ आली की आपण अर्ज लिहायला बसतो.

आमच्या स्टाफरूममध्येही हेच चालते. सरकारने पगार वेळेवर द्यावा, पण आम्ही अल्पसंख्याक संस्था, तेव्हा टीईटीचे विचारू नये! मीही त्यात बोललो आहे, म्हणून दुसऱ्यांना नावे ठेवायचा मला फारसा अधिकार नाही.

तेव्हा परंपरावादी समोर आला, आपला असो की त्यांचा, तर त्याला विचारा: सरकारला तुम्ही जी लक्ष्मणरेषा माझ्या दारात घालू देता, ती तुमच्या दारात चालेल काय? चालेल म्हणाला, तर तो नमाजी असो की पूजापाठी, त्याच्याशी मतभेद ठेवून नांदता येईल. नाही म्हणाला, तर त्याला परंपरेचे प्रेम नाही, फक्त दंडुका हवा आहे. आणि हा प्रश्न आधी आपल्या मोहल्ल्यात विचारा. तिथे विचारायची हिंमत झाली, तरच बाहेर विचारायचा हक्क आपल्याला आहे.