वाचवणे म्हणजे मालक होणे नव्हे

उर्दूत ज्याला तुम्ही गिरगिट म्हणता, तो मराठीतला सरडा. सारखे मत बदलणाऱ्या माणसाला दोन्ही भाषांत त्याचीच उपमा देतात. पण भारतात आढळणारा घोयरा सरडा लबाडीने रंग बदलत नाही. ऊन, थंडी आणि भीती यांमुळे त्याचा रंग बदलतो. तो विषारीही नाही. तरी त्याला पाहताच काहीजण दगड उचलतात, तर काहीजण त्याला पकडून खोक्यात पाळतात. माझ्या मते, हे पाळणेही क्रूरपणाचेच आहे.

घोयरा सरडा वाटीतले पाणी सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. खोक्यात ना ऊन, ना चढायला फांदी. मग त्याचे डोळे खोल जातात, पकड सैल होते आणि तो खाणे सोडतो.

असा आजारी सरडा तुमच्याकडे आला तर काय कराल? त्याला वारंवार हाताळू नका. तोंडात बळजबरीने अन्न कोंबू नका. हवेशीर जागी फांदीवर ठेवा, पानांवर पाणी शिंपडा आणि मोठ्या माणसांच्या मदतीने लगेच वनखात्याला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याला घरी पाळणे गुन्हा आहे.

‘आम्ही त्याचा जीव वाचवला, मग तो आमचा का नाही?’ असे तुम्ही विचाराल. पण तो झाडाचा आहे. बरा होऊन तो पानांत दिसेनासा होईल, तेव्हाच तुमची दया पूर्ण झाली असे समजा.